पूर्वेचा वाटा

सालवड, २९ नोव्हेंबर १९८७

ठमीच्या बाबांना नर्मदेचा नमस्कार.

तुमचं दुसरं पत्र मंगळवारी मिळालं. पहिल्यात नुसती थंडीच होती, यात जरा माणसं आली. वाचायला बसले तर आई म्हणाल्या, पोरगं पोटभर जेवतं का ते आधी सांग. तुम्ही काही लिहिलंच नव्हतं. मी आपलं वाचता वाचता मधेच घातलं, की भात भरपूर मिळतो. पुढच्या वेळी स्वतः लिहा, सासूशी खोटं बोलायला मला लावू नका.

ठमी बरी आहे. बालवाडीत सगळ्यांना सांगते, बाबा विमानात बसलेत. तिच्या मते तुम्ही दोन महिने विमानातच आहात. मीही खोडून काढत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय की तिथे वसतिगृहात शनिवारी चौघांचा सोंगट्यांचा डाव मांडतात, माजोंग की काय, आणि चौथा म्हणून तुम्हाला ओढतात. जुळवाजुळव तुम्हाला जमते, पण डाव लागला की किती गुणांचा लागला ते ज्याचं त्यानेच मोजून सांगायचं, अशी त्यांची रीत. तुम्ही गप्प बसता आणि मग सगळे हसतात. हे वाचून आधी मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग नाही आलं.

तुम्ही ट्रेनिंगला जपानला जायच्या आदल्या दिवशी तुमच्याबरोबर निघालेले विश्रामभावजी आणि खात्यातली मंडळी चहाला आली होती. तुम्ही म्हणालात, सहा महिने म्हणजे काय, दीडशे दिवस. आणि मी आतून ओरडले, एकशे त्र्याऐंशी, फेब्रुवारी एकोणतीसचा आहे. सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण नंतर बॅग भरताना माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. माझं डोकं आकड्यांत पळतं आणि जीभ त्याच्याही पुढे पळते, हे लग्न झाल्यापासून तुम्हाला ठाऊक आहे. एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण? माफी वगैरे मी मागत नाही. पण एक काम करते.

मी जिथे स्वयंपाक करते त्या गेस्ट हाऊसवर मशीन बसवायला आलेले तिघे जपानी आहेत ना, त्यांच्याकडे अगदी तसल्याच सोंगट्यांची पेटी आहे. रविवारी दुपारी जेवणं झाली की टेबलावर ओततात. पहिल्यांदा तो आवाज ऐकून भांडी घासणारी बायडी पळत आली, तिला वाटलं कपाट पडलं. त्यांचा चौथा गडी कावीळ होऊन परत गेला, म्हणून मॅनेजर रामनाथला बसवतात, आणि रामनाथ बसल्या बसल्या पेंगतो. थोरले आहेत ते ओकादा-सान, सान म्हणजे आपलं जी. पांढरे केस, मोडकंतोडकं हिंदी बोलतात. मी चहा ठेवायच्या निमित्ताने उभी राहते. मोजायचं कसं ते मी शिकते आणि तुम्हाला लिहून कळवते. मग बघू कोण हसतं.

आई शेजारी बसल्यात. म्हणतात, लिव्ह, सोंगट्या मोजण्यापरीस दिवस मोज म्हनावं. लिहिलं.

नर्मदा


सालवड, १० जानेवारी १९८८

ठमीच्या बाबांना नमस्कार.

हे पत्र जपून ठेवा, यात हिशेब आहे. सहा रविवार उभ्याने काढलेत त्यासाठी. ट्रे हातात धरून मी कपाटाला टेकलेली असायची. पहिले तीन रविवार ओकादा-सान नुसते बघून हसले. चौथ्याला त्यांनी सिगारेटच्या पाकिटातला कागद काढला आणि त्यावर आकडे लिहून माझ्याकडे सरकवले. बोलणं काही कळत नाही, पण आकड्यांना कुठे भाषा लागते?

ऐका. तीन-तीनच्या चार जुळण्या आणि एक जोडी झाली की डाव लागला, हे तुम्हाला येतंच. मोजायच्या गोष्टी दोन. फू आणि हान. फू म्हणजे बारीक गुण. डाव लागला की वीस फू आयते मिळतात. मग जुळणी कसल्या सोंगट्यांची, स्वतःच उचलून जमवलेली की दुसऱ्याने टाकलेली घेऊन केलेली, त्यावर दोन, चार, आठ असे चढत जातात. बेरीज झाली की पुढच्या दहावर न्यायची. बत्तीस आले तर चाळीस. शाळेत पाचाच्या आतलं सोडून द्यायला शिकवलं होतं ते विसरा, इथे सोडायचं काही नाही.

हान म्हणजे डावाची ऐट. काही खास जमलं तर एक हान, आणखी खास जमलं तर दुसरा. आणि दर हानला दुप्पट. तुम्ही अडखळता ते इथेच, मी पैज लावते. तीस फूचा डाव घ्या. तिसाला चाराने गुणायचं, मग हानची दुप्पट करायची, मग पुन्हा चाराने गुणायचं. एक हान असेल तर नऊशे साठ येतात, ते पुढच्या शंभरावर नेऊन हजार म्हणतात. दोन हानचे एकोणीसशे वीस, म्हणजे दोन हजार. आता तीन हान. तुम्ही दोन हजाराची दुप्पट चार हजार सांगून मोकळे होणार. तसं नाही. दोन हजार हा वर चढवलेला आकडा. खरा आहे एकोणीसशे वीस. त्याची दुप्पट अडतीसशे चाळीस, म्हणून सांगायचं तीन हजार नऊशे. चार हानला सात हजार सातशे. तोंडाने चढवलेला आकडा बोलायचा, पण दुप्पट करायचा तो मनातला खरा. एवढं एक डोक्यात बसलं की तुम्ही पार झालात.

राहिला पूर्वेचा. चौघांतला जो पूर्वेला बसतो तो तेवढ्या डावापुरता मालक, आणि ती जागा फिरत राहते. मालकाचा डाव लागला की त्याला जास्त मिळतं. किती, ते विचारलं तर ओकादा-सान "ज्यादा, ज्यादा" म्हणाले आणि तेवढ्यात त्यांना कारखान्याचा फोन आला. पण त्यात पुन्हा विचारायचं काय? बायडी पाम गावची, तिचा भाऊ मासे धरायला होडीवर जातो. ती परवा सांगत होती, आमच्याकडं होडीवाल्याचं दोन वाटं, बाकी सगल्यांना एक एक. मालकाचे दोन वाटे, जगात सगळीकडे तेच. तेव्हा पूर्वेला असाल तेव्हा सरळ दुप्पट. तीन हजार नऊशेच्या जागी सात हजार सातशे. आणि पुटपुटायचं नाही, ठणकावून सांगायचं.

पैसे लावून खेळत नाही ना तुम्ही? इथे तरी नाही लावत, ठिपक्यांच्या काड्या देतात-घेतात. लावत असलात तर आईंना सांगेन.

पत्र पुन्हा वाचा. एकदा वाचून होणार नाही.

नर्मदा


सालवड, २१ फेब्रुवारी १९८८

ठमीच्या बाबांना नमस्कार.

कार्ड मिळालं. एवढंसं कार्ड, पण चार वेळा वाचलं. "तू लिहिलंस तसंच मोजतो. सगळे वाहवा करतात. आता कोणी हसत नाही." तीन ओळी. त्या वाचून मी काय काय केलं ते सांगितलं तर तुमच्या डोक्यात हवा जाईल, म्हणून सांगत नाही. बायडीला चहा पाजला, एवढं सांगते. आईंनी कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं, जणू वाचता येतं, आणि देवापुढे ठेवलं. अजून तिथेच आहे.

इथली बातमी अशी की रामनाथ गावी गेलाय आणि चौथी म्हणून आता मी बसते. ओकादा-साननी स्वतः खुर्ची ओढून दिली. पहिल्या रविवारी सोंगट्यांची रचलेली भिंत मी दोनदा पाडली. चाळीत बोलणं सुरू झालंच. पलीकडच्या साखरबाईने नळावर विचारलं, काय गं, नवरा जपानात आणि तू जपान्यांत? मी काही म्हणायच्या आत आईंनी हंडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, दुपारी चार माणसांत, दार उघडं टाकून बसती, आन् माझ्या लेकासाठी शिकती. तुला शिकायचं का? साखरबाई पाणी न भरताच गेली.

ज्याचा डाव त्याने मोजून सांगायचं, ही रीत इथेही आहे. तुम्ही लिहिलं होतं तेव्हा एवढी कळली नव्हती, टेबलाशी बसल्यावर कळली. तुम्ही कमी सांगितलंत तर तेवढंच मिळतं, कोणी चकार शब्द काढत नाही. मी दोनदा तशी फसले. पण एक ठिपका जास्त सांगून बघा, तिघांची डोकी एकदम वर येतात. पूर्वेला माझा डाव अजून एकदाही लागलेला नाही, नाहीतर दाखवलं असतं.

एक्केचाळीस दिवस राहिले. पलंगाची तुमची बाजू ठमीने बळकावली आहे, आल्यावर तुमचं तुम्ही बघा. मला तुमची फार आठवण येते. हे आईंना वाचून दाखवायचं नसतं म्हणून लिहिते, नाहीतर लिहिलं नसतं.

नर्मदा


६ मार्च १९८८

आज मी पूर्वेला होते आणि माझा डाव लागला. तीस फू, तीन हान. मी सोंगट्या आडव्या केल्या आणि तुम्हाला लिहिलं होतं तसं ठणकावून सांगितलं, सात हजार सातशे. तिघं थांबले. मग धाकटे दोघे हसायला लागले. ओकादा-सान म्हणाले, "नर्मदा-सान, थोडा गलत. डबल नहीं, डेढ." आणि मला पाच हजार आठशेच्या काड्या दिल्या.

म्हणजे जानेवारीत मी तुम्हाला चूक शिकवली होती. मालकाचे दोन वाटे नसतात, दीड असतो. तोंडात मारल्यासारखं झालं. घरी चालत येईपर्यंत मी फक्त एवढाच विचार करत होते, की माझ्यामुळे तुमची तिथे किती शोभा झाली असेल.

आणि दारात आल्यावर देवापुढचं ते कार्ड दिसलं.

तू लिहिलंस तसंच मोजतो. सगळे वाहवा करतात. कसं मोजता? मी लिहिलं तसं मोजलं असतंत तर पूर्वेला पहिला डाव लागला त्या दिवशीच तुम्हाला धरलं असतं, जसं मला धरलं. जास्त सांगितलेलं ते एका क्षणात पकडतात. पूर्वेची जागा एका बैठकीत किती वेळा आपल्याकडे येते ते मला आता ठाऊक आहे. मग वाहवा कसली? सरळ आहे. तुम्ही ते पत्र वाचलंच नाही. पाकीट फोडलंत, आकडे दिसले, कंटाळा आला, ठेवून दिलंत. आणि बायको खूश राहावी म्हणून तीन ओळी फेकल्यात.

सहा रविवार मी उभी होते. नळावरचं बोलणं खाल्लं. तुमच्या आईने माझ्यासाठी भांडण घेतलं. ते कार्ड देवापुढे आहे हो.

मोजता न येणारा नवरा मला चालला असता. न वाचता वाहवा सांगणारा नको. तुम्ही आलात काय आणि नाही आलात काय, या घराला आता काही फरक पडत नाही. सहा महिन्यांचं वर्ष करा, दहा वर्षं करा. तुम्हाला नाहीतरी मोजता येत नाही.

हे मी उद्यावर टाकणार नाही. आत्ताच बोईसर स्टेशनच्या पेटीत टाकून येते.

नर्मदा


सालवड, १७ एप्रिल १९८८

ठमीच्या बाबांना नमस्कार.

विश्रामभावजी तीन तारखेला एकटेच आले. मी ठमीला नवा फ्रॉक घातला होता. आई पहाटेपासून ओट्यावर बसल्या होत्या. भावजींना रस्त्यात लांबून पाहिलं आणि त्यांच्या मागे तुम्ही असाल म्हणून मी मान उंच करून बघत राहिले. ते अगदी दारात आले तरी मी त्यांच्या मागेच बघत होते.

ते म्हणाले, विमानतळाच्या गाडीत बसायच्या वेळी तुम्ही म्हणालात, एक वस्तू खोलीवर राहिली, तू हो पुढे, मी मागच्या गाडीने येतो. आणि तुमची पिशवी त्यांच्याकडे दिलीत. विमान सुटलं तरी तुम्ही आला नाहीत.

पिशवीत ठमीसाठी बाहुली निघाली, आईंसाठी लोकरीची शाल. माझ्यासाठी काही नव्हतं. भावजींनी पिशवी दोनदा उलटी करून पाहिली, बिचाऱ्यांना माझ्याकडे बघवेना. मी म्हटलं, राहू द्या, मला काही नको म्हणून मीच कळवलं होतं. तोंडावर सांगितलं आणि आत जाऊन बसले.

ट्रेनिंगच्या शेवटच्या परीक्षेचंही त्यांनीच सांगितलं. दहा मार्चला निकाल लागला, तुमचं नाव नव्हतं. नसेना का. इथे तुम्हाला कोण फाशी देणार होतं? पुन्हा हेल्पर म्हणून लागला असतात, आधी होतातच ना? भावजी म्हणतात, त्यानंतर आठवड्याभराने तुम्हाला घरचं एक पत्र आलं, आणि तेव्हापासून तुम्ही शनिवारी डावाला बसला नाहीत.

मी रोज तेच घोळवते. जो माणूस हिशेबाचं पत्र वाचत नाही त्याने नेमकं तेवढंच पत्र कसं वाचलं? आणि न वाचणाऱ्याला एवढं लागतं का? ते पत्र मी रागाच्या भरात लिहिलं. एक दिवस थांबले असते तर टाकलं नसतं. पण थांबणं माझ्यात नाही, तुम्हाला ठाऊक आहे. निदान तुम्ही तरी ओळखायला हवं होतं.

आईंना त्या पत्राचं मी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं कंपनीने थांबवून घेतलंय. वसतिगृहाच्या पत्त्यावर हे पाठवते. लवकर उत्तर द्या. रागाचं दिलंत तरी चालेल.

नर्मदा


सालवड, १२ जून १९८८

एप्रिलमधलं पत्र परत आलं. पाकिटावर तिकडच्या अक्षरांचा शिक्का. ओकादा-साननी वाचून सांगितलं, या नावाचं इथे कोणी राहत नाही.

कारखान्याच्या ऑफिसात गेले. साहेब म्हणाले, बाई, आमची जबाबदारी ट्रेनिंगपुरती, आता तो आमच्या हजेरीपटावर नाही. पालघरला पोलिसांकडे गेले, त्यांनी विचारलं, हरवला कुठे? जपान म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मला कुठे जायचं ते सुचेना. बोईसर स्टेशनवर उतरून मी बाकावर बसून राहिले. आपल्या जिल्ह्याच्या बाहेर मी फक्त माहेरी गेलेली बाई. जपान कुठल्या दिशेला तेसुद्धा मला त्या टेबलावरच कळलं.

मशीन चालू झालं, ओकादा-सान पुढच्या आठवड्यात परत जाताहेत. तुमचं वसतिगृह त्यांच्या गावापासून दोन तासांवर आहे. मी काही मागितलं नव्हतं, त्यांनीच वहीत पत्ता उतरवून घेतला. शेवटच्या रविवारी त्यांनी पेटी काढली तेव्हा मी बसले नाही. बसवत नाही आता.

हे पत्र पाठवायचं कुठे? डब्यात ठेवते.

नर्मदा


सालवड, ४ सप्टेंबर १९८८

ठमीच्या बाबांना,

ओकादा-सानचं पार्सल आलं. सोबत इंग्रजीत पत्र होतं, ते रामनाथने वाचून दिलं.

ते वसतिगृहात जाऊन आले. तिथल्या रखवालदाराने सांगितलं, विमान सुटलं त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही परत आलात, कपडे घेतलेत, वाकून नमस्कार केलात आणि निघून गेलात. मे महिन्यात त्याला तुमचं एक पाकीट आलं. आत खोलीची चावी होती, चुकून माझ्याकडे राहिली, माफ करा, असं लिहिलेलं. तुमचा पत्ता नव्हता. म्हणजे तुम्ही कुठेतरी आहात. हे वाचून मी किती वेळ रडले ते सांगता येणार नाही. मग राग आला, की परक्या माणसाची चावी परत करायचं सुचतं तुम्हाला. मग तोही गेला.

तुमच्या खाटेखाली एक पेटी राहिली होती, ती रखवालदाराने जपून ठेवली होती. त्यातलं सामान पार्सलमध्ये आहे. तुमची वही, आणि दोरीने बांधलेली माझी पत्रं.

वहीत पहिल्या पानावर माझं जानेवारीचं पत्र आहे. अख्खं, तुमच्या अक्षरात उतरवलेलं. फू, हान, नऊशे साठ, सगळं. "पूर्वेला असाल तेव्हा सरळ दुप्पट" या ओळीवर तांबडी रेघ आहे. खाली लिहिलंय:

"२३ जानेवारी. पूर्वेला डाव लागला. दुप्पट सांगितला. सगळे हसले. दीडपट असते. नर्मदाला कळवायचं नाही. तिने हौसेने लिहिलंय."

मी हे किती वेळा वाचलं ते मोजलेलं नाही.

पुढे पानंच्या पानं डाव आहेत. दर शनिवारचे. कुणाकडे काय होतं, किती फू, किती हान, पूर्वेचा की दुसऱ्या कुणाचा. मी पेन्सिल घेऊन एकेक तपासला. काल सकाळी बसले ती दिवस मावळेपर्यंत, ठमी दोनदा भूक भूक करून गेली. एकही चूक नाही. तपासता तपासता मला वाटायला लागलं की एखादी तरी सापडावी. जरा तरी माझं बरोबर असावं. नाही सापडली. तुम्हाला मोजता येत होतं. माझ्याहून चांगलं येत होतं, कारण तुम्ही विचारून घेतलंत आणि मी विचारलं नव्हतं.

तुम्ही खोटं लिहिलंत ते मला लाज वाटू नये म्हणून. चारचौघांत मी तुमचं हसं केलं होतं आणि चारचौघांत माझ्यापायी तुम्ही हसं करून घेतलंत, आणि ते गिळून मला वाहवा कळवलीत. आणि मी त्याचा अर्थ काय काढला? केवढी हुशार मी. सगळं मोजून, ताडून, पक्कं केलं आणि स्टेशनच्या पेटीत टाकून आले.

मग पत्रांची दोरी सोडली. नोव्हेंबरचं आहे, जानेवारीचं आहे, फेब्रुवारीचं आहे. घड्या पडून झिरझिरीत झालेली. मार्चचं नाही. पेटीत बघितलं, वहीची पानं झटकली, पार्सलचा कागदसुद्धा उलगडून बघितला. सगळी पत्रं मागे ठेवलीत आणि तेवढं एक सोबत नेलंत.

आईंना मी सगळं सांगितलं. मार्चच्या पत्रात काय लिहिलं होतं ते शब्द न् शब्द. मला वाटलं हाकलून देतील, आणि मी गेले असते. त्या दिवसभर शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आज सकाळी म्हणाल्या, "त्याला कुनी हसू नये, यवढंच पाहिजे व्हतं गं त्याला. लहानपणापासनं." मग म्हणाल्या, "लिव्ह त्याला. आन् माझ्या नावानं काही लिवू नको. माझ्यासाठी यायचा असता तर आला असता. तुझ्या नावानं लिव्ह."

म्हणून लिहिते. ओकादा-सान म्हणतात, पत्र मला पाठव, मी रखवालदाराकडे ठेवतो, कधी पुन्हा त्याला काही कळलं तर देईल. कधी, ते त्यांना माहीत नाही. मला तर काहीच माहीत नाही. तुम्ही कुठे झोपता, कुणाबरोबर जेवता, तिथे कुणी तुमच्याशी बोलतं का. मी इथे बसून काहीसुद्धा करू शकत नाही. हे पत्र लिहिणं सोडून एकही गोष्ट माझ्या हातात नाही, आणि हेसुद्धा तुमच्या हातात पडेल असं नाही.

तुमचं नाव मी आजवर पाकिटावरच लिहिलं. आत कधी लिहिलं नाही, तोंडाने तर नाहीच. आता पाकिटावर लिहून उपयोग नाही, म्हणून इथे लिहिते. मारुती, मी चुकले. तू परीक्षेत नापास हो, खोटं लिही, शंभर चुका कर, मी तोंड उघडणार नाही. ते पत्र खिशात असेल तर फाडून टाक. मारुती, घरी ये.

नर्मदा